स्टायलो वापरून बघितलं: निनावी पत्र कोणाचं शोधायला गेलो आणि माझंच नाव आलं

आमच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीवरून एक टाईप केलेलं पत्र फिरलं, खाली सही काय तर 'एक त्रस्त सभासद'. सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले आणि मला नको तिथे हुशारी सुचली. लिहायच्या पद्धतीवरून लेखक ओळखणारं स्टायलो नावाचं फुकट पॅकेज आहे, 'आर' या प्रोग्रामिंग भाषेत चालतं, एडर, रायबिकी आणि केस्टेमाँट या तिघांनी केलेलं. म्हटलं बघू.

इन्स्टॉल एका ओळीत होतं. मॅकवाल्यांना खिडक्या दाखवणारं एक्सक्वार्ट्झ नावाचं सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, त्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली. 'कॉर्पस' नावाचा फोल्डर करायचा, त्यात साध्या टेक्स्ट फाइली टाकायच्या, नाव द्यायचं 'लेखक_मजकूर' असं (अंडरस्कोअरच्या आधीच्या नावावरून रंग ठरतो), देवनागरी अक्षरं नीट वाचली जावीत म्हणून फाइलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवायचं, की झालं, झाडासारखी आकृती येते आणि जवळची फांदी म्हणजे जवळचा हात.

मोठे भारीभक्कम शब्द हे बघतच नाही, बघतं आपण नकळत वापरतो ते बारके शब्द. फेडरलिस्ट पेपर्सचं उदाहरण घ्या ना, अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेले ते निबंध, 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन सारखा वापरायचा, मॅडिसन जवळपास नाहीच, त्यावरून आणि असल्याच बारक्या शब्दांवरून मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये वादातले 12 निबंध मॅडिसनचे ठरवले. 2013 मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने लिहिणारा लेखक म्हणजे हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईच, हे हुडकतानाही हीच विद्या कामी आली, फक्त सॉफ्टवेअर वेगळं होतं.

मराठीत गोची अशी की अर्धे बारके शब्द नामाला चिकटून बसतात. घरात, घराला, घरावरून हे मशीनच्या लेखी तीन वेगळे शब्द. म्हणून शब्दांऐवजी अक्षरांचे तुकडे मोजायचा पर्याय निवडला, तीन-तीन चार-चार अक्षरांचे, त्याने बराच फरक पडला. माझे जुने लेख आणि मित्राचे लेख बरोब्बर वेगळ्या फांद्यांवर गेले, तेव्हा खरंच मजा आली.

मग सोसायटीचं पत्र टाकलं. संशयितांचे व्हॉट्सॲप मेसेज टाकले, माझे काही तक्रार अर्ज सहज म्हणून टाकले, आणि पत्र येऊन बसलं माझ्या शेजारी! मी लिहिलेलं नाही हो. नंतर डोक्यात प्रकाश पडला, पत्र आणि माझे अर्ज दोन्हीकडे 'सदर', 'तरी कृपया', 'आपणास विनंती की', आणि बाकीच्यांचं 'ओके काका नक्की'. मशीनने माणूस नाही ओळखला, प्रकार ओळखला. वर पत्र जेमतेम 300 शब्दांचं, आणि एडरनेच लिहून ठेवलंय की साधारण 5000 शब्दांच्या खाली भरवसा ठेवू नका. हे मी आधी वाचायला हवं होतं.

अजून एक, झाड कोणाला ना कोणाला जवळ दाखवतंच, खरा लेखक फोल्डरमध्ये नसला तरी. त्यासाठी 'इम्पॉस्टर्स' म्हणून फंक्शन आहे, लेखक हाच असण्याचा भरवसा किती याचा शून्य ते एक असा आकडा देतं, मधला आला तर सरळ सोडून द्यायचं. माझा मधलाच आला.

पुस्तकं, लेख, जुन्या टोपणनावांचा अभ्यास असेल तर पाचात साडेचार. सोसायटीच्या भांडणासाठी एक, तोही झाड छान रंगीत येतं म्हणून. ते झाड मी कमिटीला दाखवलेलं नाही, फोल्डरसकट डिलीट केलंय.