निशी-कासाईतल्या गल्लीतला हातचा सोबा: काही महिने खाल्ल्यानंतर

गेल्या उन्हाळ्यात तोक्योच्या निशी-कासाई भागात राहायला आलो. इथे भारतीयांची वस्ती मोठी, त्यामुळे डोसा-बिर्याणीची ददात नाही. तरी माझं नेहमीचं ठिकाण झालंय ते घरामागच्या गल्लीतलं सोब्याचं छोटं दुकान.

सोबा म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या शेवया. या पिठात ग्लुटेन नसल्याने ज्वारीच्या पिठासारखंच ते भेगाळतं, तुटतं. म्हणून बहुतेक ठिकाणी आठ भाग कुट्टूत दोन भाग गहू घालतात. त्याला 'निहाची' म्हणतात, आमच्या दुकानातही तोच मिळतो. (म्हणजे उपवासाला चालणार नाही, हे आधीच सांगतो.) सकाळी काचेपलीकडे मालक काम करताना दिसतात. पिठात पाणी एकदम ओतत नाहीत. थोडं थोडं शिंपडून दोन्ही हातांची बोटं गोल फिरवत राहतात, पिठाचे आधी रव्यासारखे कण होतात, मग गोळ्या. लाटणं आणि कापणं दिसायला भारी, पण सगळा खेळ या पाण्याचा आहे. ते चुकलं की शेवया उकळत्या पाण्यात तुटतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने थंड 'मोरी'च मागवावा. उकळून, गार पाण्यात खळखळून धुतलेल्या शेवया बांबूच्या जाळीवर येतात. सोबत त्सुयु, म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोडसर तांदळाची दारू) आणि कात्सुओबुशी (वाळवलेला मासा) यांचं पातळ सॉस. शेवयांचं फक्त टोक त्यात बुडवायचं आणि आवाज करत ओढायचं. त्या ओढण्यानेच पिठाचा वास नाकात चढतो. आणि गप्पा नंतर. दहा मिनिटं ठेवला तर शेवया एकमेकींना चिकटतात, मजा जाते. शेवटी 'सोबायु', म्हणजे उकळल्याचं गढूळ गरम पाणी येतं. ते उरलेल्या त्सुयुत घालून प्यायचं. थंडीत मी त्यासाठीसुद्धा जातो.

ऑगस्टमध्ये सोबा चांगला वाटला होता, पण नोव्हेंबरमध्ये दारावर 'शिन-सोबा', म्हणजे नव्या पिकाचा कागद लागला आणि चव पार बदलली. रंगाला किंचित हिरवी झाक, वास कितीतरी ताजा. पीठ होक्काइदोचं. जपानात सर्वाधिक कुट्टू तिथेच पिकतो. वर्षातून एकदाच जाणं जमणार असेल तर शरद ऋतूत जा.

शाकाहारींसाठी अडचण आहे. कात्सुओबुशी मासाच, त्यामुळे त्सुयु चालत नाही, आणि इथे कोम्बूचं (समुद्री शेवाळाचं) वेगळं त्सुयु ठेवत नाहीत. बायको शाकाहारी आहे हे कळल्यावर मालकांनी आपणहून बशीत मीठ आणून दिलं. ती आता नेहमी मिठाशीच खाते आणि तिच्या मते पिठाची चव तशीच जास्त कळते. मीही करून पाहिलं, पटलं. कुट्टूची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र दुकानाची पायरीही चढू नका, ती जिवावर बेतू शकते.

तेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेले पदार्थ, मला आवडला नाही. कोळंबी ठीक, पण गर्दीच्या वेळी पीठ जाड आणि तेलकट येतं. त्या पैशात दुसरा मोरी घ्यावा.

केलेला सोबा संपला की दुकान बंद, त्यामुळे साडेबाराच्या आत पोचलेलं बरं. ३१ डिसेंबरला तोशिकोशी सोब्यासाठी, म्हणजे वर्ष सरताना खायच्या सोब्यासाठी, रांग लागते, त्या दिवशी कच्च्या शेवया घरी नेता येतात. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घ्या, भरपूर पाणी खळाखळा उकळू द्या, आणि शेवया टाकल्यावर तिथून हलू नका, कारण मिनिटभरात काढाव्या लागतात.