कोड्यांच्या गेमवर प्रतिक्रिया कशी घ्यावी: शेजारी बसून, रेकॉर्डिंगवरून, की लॉगमधून?

कोड्यांच्या गेमची चाचणी घेताना एक अडचण असते, जी इतर गेमना फारशी नसते. कोणतंही कोडं एका माणसासमोर पहिल्यांदा एकदाच येतं. शर्यतीचा तोच ट्रॅक एकच खेळाडू दहा वेळा चालवतो आणि दहाही वेळा काही ना काही कळतं. कोडं एकदा सुटलं, की त्या कोड्यापुरता तो खेळाडू संपला. म्हणून पद्धत निवडताना सोय नंतर बघा. आधी ठरवा की हातातले कोरे खेळाडू कोणत्या प्रश्नासाठी खर्च करायचे.

गेम अजून कच्चा असेल आणि सुरुवातीच्या पाच-सहा लेव्हलमध्ये नियम कळतात का एवढंच पाहायचं असेल, तर शेजारी बसून पाहा. एका वेळी एक माणूस, अर्धा ते पाऊण तास, अशी तीन माणसं पुरतात. मग दुरुस्ती करा आणि नवे तीन बोलवा. खेळ सुरू होण्याआधी एकच वाक्य सांगा, तेही प्रत्येकाला तेच: ‘चाचणी गेमची आहे, तुमची नाही, मी मध्ये काही सांगणार नाही.’ पुढे तोंड बंद. कागदावर वेळ, लेव्हल, खेळाडूने काय केलं आणि तो काय म्हणाला, एवढेच चार रकाने पुरेत. दहा मिनिटांत एकही नवा प्रयत्न झाला नाही, तरच पुढची लेव्हल उघडून द्या आणि तशी नोंद करा.

या पद्धतीची खरी कमाई म्हणजे अडकण्याचे प्रकार वेगळे ओळखता येतात. नियमच कळला नाही, हा एक. नियम कळला, पण पडद्यावरचा दरवाजा भिंतीसारखाच दिसल्यामुळे नजरेतून सुटला, हा दुसरा. सगळं दिसतंय, सगळं माहीत आहे, फक्त युक्ती सुचत नाही, हा तिसरा. तिसऱ्याला हात लावू नका; तेच तर तुम्ही बनवायला निघालात. पहिले दोन मात्र दोष आहेत, आणि लॉगमध्ये, म्हणजे गेमने आपोआप ठेवलेल्या नोंदीत, तिन्ही अगदी सारखेच दिसतात. कोडं सुटल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: ‘हे कसं सुटलं, सांगाल?’ धडपडून सुटलं असेल तर खेळाडूला सांगता येत नाही, आणि त्याच युक्तीवर उभी असलेली पुढची लेव्हल त्याला नक्की अडवते.

बिघडतं ते दोन ठिकाणी. खेळाडू योग्य ठोकळ्याला हात घालताच बनवणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि समोरच्याला उत्तर मिळतं. म्हणून समोर नको, बाजूला थोडं मागे बसा. दुसरी चूक म्हणजे ‘मनात येईल ते मोठ्याने बोला’ असं सांगणं. साध्या ॲपच्या चाचणीत ते चालतं. पण स्कूलर, ओल्सन आणि ब्रूक्स यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, एकदम सुचून सुटणारी कोडी बोलत-बोलत सोडवणाऱ्यांना कमी सुटली. पायरीपायरीने सुटणाऱ्या कोड्यांत तसा फरक दिसला नाही. तेव्हा शांतपणे खेळू द्या, पडदा रेकॉर्ड करा आणि नंतर तेच दाखवून ‘इथे काय वाटत होतं?’ असं विचारा.

दुरून मागवलेलं रेकॉर्डिंग हा मधला मार्ग. कुणी पाहत नसल्याने खेळाडू मोकळा असतो, कंटाळला तर खरोखर सोडून देतो, आणि ते सोडून देणं शेजारी बसून कधीच दिसत नाही. पडदा रेकॉर्ड करायला ओबीएससारखं मोफत साधन पुरतं. चौकटींच्या कोड्याला १२८० बाय ७२०, सेकंदाला ३० फ्रेम भरपूर झाल्या. २५०० केबीपीएस दराने ४० मिनिटांची फाइल साधारण ७५० एमबी होते. माइक बंद राहणं ही नेहमीची फजिती, म्हणून आधी दोन मिनिटांचा नमुना मागवा. आणि पाहायचा वेळ हिशेबात धरा: सहा जणांचे ४० मिनिटांचे खेळ म्हणजे चार तास.

लॉगचं काम तिथून पुढे, लेव्हलचा क्रम आणि कठीणपणा तपासताना. सुरुवात, प्रत्येक चाल, अनडू, रिस्टार्ट, हिंट, सुटणं आणि बाहेर पडणं, यांची वेळेसकट नोंद ठेवा. सोबत बिल्डचा (गेमच्या त्या आवृत्तीचा) क्रमांक आणि नावाऐवजी यादृच्छिक ओळख. लॉग घेतला जातोय हे सुरुवातीलाच सांगून संमती घ्या. चाली अक्षरांत साठवल्या, तर एका लेव्हलचा अख्खा खेळ काहीशे बाइटांत मावतो आणि गेममध्ये यादृच्छिक काही नसेल तर जसाच्या तसा पुन्हा चालवता येतो. तुमच्या उत्तरापेक्षा कमी चालींत कुणी सुटलं, की तिथे पळवाट आहे हे लगेच कळतं.

वेळ मोजताना मात्र सांभाळा. हालचाल नाही म्हणून तो वेळ वगळलात, तर विचार करण्याचा वेळच गेला. त्याऐवजी खिडकी मागे गेल्याची नोंद घ्या आणि तेवढाच वेळ वजा करा. सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. सात जणांना २, ३, ३, ४, ४, ५ आणि ३५ मिनिटं लागली, तर सरासरी ८ येते, मध्यक ४. शिवाय पंधराव्या लेव्हलपर्यंत पोचतात ते मुळात चिवट खेळाडू, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा सोपी भासते.

प्रश्नावली सर्वांत स्वस्त आणि एकटी वापरली तर सर्वांत कमकुवत. सुटलेलं कोडं मागे वळून पाहताना सोपंच वाटतं, म्हणून १ ते ५ गुण मागू नका. ‘कोणतं कोडं आठवतं?’, ‘सोडलंत तेव्हा काय करून पाहत होतात?’ हे दोन प्रश्न पुरे. खेळाडू उपाय सुचवतील. त्यामागची तक्रार घ्या, उपाय तुमचा तुम्ही शोधा.

‘पाच माणसं पुरतात’ हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचं वाक्य इथे बरंच उसनं घेतलं जातं. त्यामागे एक गृहीत आहे: एक दोष एका माणसाला दिसण्याची शक्यता ३१ टक्के, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. बटणं, चिन्हं, रंग यांना ते लागू पडतं. कठीणपणाला नाही. दहापैकी तिघांना अडवणारं कोडं पाच जणांच्या गटात एकालाही न अडवता निसटण्याची शक्यता जवळपास १७ टक्के आहे. कठीणपणाचा निर्णय लॉगवर आणि किमान वीस-तीस कोऱ्या खेळाडूंवर घ्या.

गुगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला प्रकाशनाआधी १२ जणांची सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त बोलावलेल्यांसाठीची) दाखवावी लागते. त्या बारांत कोरे खेळाडू घालू नका. ज्यांची कोडी आधीच सोडवून झाली आहेत, त्यांनाच तिथे बोलवा.