इंटरनॅशनल क्राउन, हार्डिंग पार्क: जुन्या कॅडीबरोबर घालवलेला एक रविवार

२०२५ च्या ऑक्टोबरच्या शेवटी कोरियात ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी इंटरनॅशनल क्राउन, म्हणजे महिला गोल्फची देशादेशांमधली सांघिक स्पर्धा, जिंकला आणि येरवड्याहून आण्णांचा फोन आला. "तुझी ती हॅना ग्रीन जिंकली बघ. त्या दिवशी रडवेली झाली होती ना, तीच." आमच्यासाठी 'तो दिवस' म्हणजे ७ मे २०२३, सॅन फ्रान्सिस्को. त्या दिवसाबद्दल लिहीन लिहीन म्हणत दोन वर्षं गेली. आता लिहूनच टाकते. प्रेक्षक म्हणून पैसे मोजून जावं अशी ही स्पर्धा आहे का, असं इथल्या मराठी मंडळींपैकी तिघा-चौघांनी विचारलंही होतं.

आधी आण्णांची ओळख, कारण हा अर्धा अभिप्राय त्यांचाच आहे. आण्णा म्हणजे माझे वडील. पूना क्लबच्या येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर त्यांनी सोळाव्या वर्षी कॅडी, म्हणजे खेळाडूची क्लबची बॅग वाहणारा, म्हणून पहिली बॅग खांद्यावर घेतली आणि शेवटची बरीच वर्षं कोणत्या साहेबाबरोबर कोणता कॅडी जायचा ते ठरवण्यात घालवली. हातात रजिस्टर, कानाला पेन्सिल. स्वतः खेळले ते फक्त सोमवारी, तेही मागून घेतलेल्या क्लबने. त्या वर्षी ते सहा महिने माझ्याकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला होते आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळून गॅरेजमधले खिळे मापाप्रमाणे लावायला लागले होते. म्हणून ही तिकिटं काढली.

तिकिटांबद्दल एकच सांगते. मूळ साइटवरून काढा. मी आळस केला आणि एका पुनर्विक्रीच्या अ‍ॅपवरून घेतली, तर शेवटच्या पानावर 'सेवा शुल्क' नावाचा असा काही आकडा उगवला की आण्णांना अजून खरी किंमत सांगितलेली नाही.

गाडीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "निवड समितीत कोण कोण आहे?"

"कोणी नाही, आण्णा. रँकिंगवर ठरतं."

"म्हणजे चिठ्ठी, वशिला, काही नाही?"

"नाही."

"मग हरल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या स्पर्धेची निवड खरंच इतकी कोरडी आहे. महिला गोल्फमध्ये रोलेक्स रँकिंग असतं, मागच्या १०४ आठवड्यांच्या खेळावर मोजलेलं आणि त्यातही शेवटच्या १३ आठवड्यांना जास्त वजन. प्रत्येक देशाच्या वरच्या चार खेळाडूंचे क्रमांक घ्यायचे, त्यांची बेरीज करायची. त्या वर्षी ज्या आठ देशांची बेरीज सगळ्यांत कमी ते आत, बाकीचे घरी. देश आधी ठरतात; खेळाडूंची नावं नंतर पक्की होतात, तीही क्रमांकानेच. कुणी नाही म्हणाली तर यादीत पुढची येते. अमेरिका विरुद्ध युरोप अशा महिलांच्या सॉल्हाइम कपमध्ये निदान कॅप्टन असते. त्याच वर्षी तिथे अमेरिकेच्या स्टेसी लुईसला तीन आणि युरोपच्या सुझान पेटरसनला चार खेळाडू स्वतःच्या मर्जीने घेता येत होत्या. इथे न खेळणारी कॅप्टनच नाही. कुणाबरोबर कोण खेळणार हे चौघी आपापसात बसून ठरवतात.

आण्णा डंबार्टन पूल संपेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "बेरीज करून चार चांगल्या पोरी मिळतील. जोडी नाही मिळायची."

दिवसभर ते हे एकच वाक्य कोर्सवर तपासत फिरले.

पण त्याआधी अदितीचं सांगायलाच हवं, नाहीतर आण्णा रागावतील. आदल्याच रविवारी, ३० एप्रिलला, लॉस एंजेलिसच्या विल्शायर क्लबवर एलपीजीएची (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक गोल्फ मालिका) स्पर्धा तिघींच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी तोडण्याच्या खेळात, गेली होती. ऑस्ट्रेलियाची हॅना ग्रीन, चीनची शीयू लिन आणि आपली अदिती अशोक. ग्रीन जिंकली. आम्ही घरी टीव्हीसमोर, आण्णांच्या हातातला चहा निवून गेलेला. त्याच आठवड्यात त्या तिघींपैकी दोघी हार्डिंग पार्कवर देशाच्या रंगाचे कपडे घालून होत्या आणि तिसरी नव्हती. खेळात कमी पडली म्हणून नव्हे. भारताच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेळाडूचे क्रमांक शेकड्यांत होते आणि बेरजेत ते शेकडे अदितीच्या डोक्यावर बसले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली मुलगी, जिची बॅग तेव्हा तिच्या आईने उचलली होती (आण्णा हे वाक्य कुणालाही, भाजीवाल्यालासुद्धा ऐकवतात), तिला या स्पर्धेचं दारच बंद. नियम सगळ्यांना सारखा आहे हे मान्य. तरी माझ्याकडून पाचातला अर्धा तारा इथेच कापला.

आता जागा. हार्डिंग पार्क हे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचं मैदान आहे, १९२५ सालचं, लेक मर्सेडच्या कडेने वसलेलं. म्हणजे आपल्या महापालिकेच्या बागेसारखंच सार्वजनिक. एरवी पैसे भरून कुणीही जाऊन खेळू शकतं. हे कळल्यावर आण्णा दोन मिनिटं तिथल्या सायप्रसच्या झाडांकडे नुसते बघत उभे राहिले. "म्हणजे मेंबर नसलेला माणूस इथे खेळतो? दिवसा?" पुरुषांची २०२० ची पीजीए चॅम्पियनशिप याच कोर्सवर झाली होती, कोविडमुळे प्रेक्षकांविना. आमच्या रविवारी प्रेक्षक होते, पण इतके नाहीत की मान उंच करावी लागेल. दोरीपासून खेळाडू हाताच्या अंतरावर. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धेत डोक्यांच्या भिंतीमागून अर्धा स्विंग दिसतो. इथे बॉलवर क्लब बसल्याचा आवाज ऐकू येतो आणि मग खेळाडू स्वतःशी काय पुटपुटली तेही.

थंडी मात्र गांभीर्याने घ्या. मे महिना म्हणून आण्णा अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर निघत होते. मी जबरदस्तीने स्वेटर आणि कानटोपी दिली. समुद्र जवळच आहे. सकाळी धुकं आणि नंतर जो वारा सुटतो तो हाडात शिरतो. खाण्याच्या तंबूत बर्गर कोमट आणि भाव चढे. आण्णांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात धपाटे होते. ते आत कसे आले हे मी त्यांना विचारलं नाही आणि तुम्हीही मला विचारू नका.

रविवारचा दिवस भरगच्च असतो, हे या स्पर्धेचं सगळ्यांत मोठं देणं. पहिले तीन दिवस गटातले फोरबॉल सामने. रविवारी सकाळी उपांत्य फेरी, दुपारी अंतिम, आणि दोन्हींत प्रत्येकी दोन एकेरी आणि एक फोरसम. एका तिकिटात दोन फेऱ्या. फोरबॉलमध्ये जोडीतली प्रत्येक जण आपापला बॉल खेळते आणि जिचा स्कोअर चांगला तो धरतात, त्यामुळे एक ढेपाळली तरी दुसरी सांभाळून घेते. फोरसममध्ये दोघींत एकच बॉल, आळीपाळीने मारायचा. तिथे लपायला जागा नाही.

दुपारच्या फायनलला थायलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. आम्ही फोरसमच्या मागे लागलो. एकीकडे मोरिया आणि एरिया जुटानुगार्न या सख्ख्या बहिणी, समोर मिन्जी ली आणि सारा केम्प. आण्णांनी मला तिसऱ्या होलवर थांबवलं. "बॉलकडे बघू नको. जी मारत नाहीये तिच्याकडे बघ."

मग मला दिसायला लागलं. एक बहीण टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभी असताना दुसरी आधीच पुढे गेलेली, बॉल जिथे पडेल त्या बाजूला. "हा फोरकॅडी," आण्णा खुशीत आले. येरवड्याला बॉल हरवू नये म्हणून एका पोराला पुढे झाडाखाली उभं करायचे, त्याला म्हणतात फोरकॅडी. आण्णांची पहिली दोन वर्षं त्यातच गेली. फोरसममध्ये एक जण विषम नंबरच्या होलवर टी-ऑफ करते, दुसरी सम. त्यामुळे कुणाच्या वाट्याला कोणते पार-३ (तीन फटक्यांत संपवायचे छोटे होल) येतात आणि कुणाला लांबचा ड्राइव्ह मारावा लागतो, हे पहिल्या होलच्या आधीच वाटून घ्यावं लागतं. शिवाय बॉल कुणाच्या पसंतीचा? प्रत्येकीचा हात वेगळ्या बॉलला सरावलेला असतो. परक्या बॉलवर त्याच आयर्न क्लबचा फटका पाच-सात यार्ड इकडेतिकडे पडतो, ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला, चिपला, फिरकी वेगळी बसते. आण्णांच्या मते जोडीतलं निम्मं भांडण बॉलवरून होतं. "आणि उरलेलं सॉरीवरून," ते म्हणाले. त्यांनी मला मोजायला लावलं: पार्टनरला अवघड जागी बॉल सोडल्यावर कोण किती वेळा सॉरी म्हणतं. बहिणींचं खातं आम्ही बघत होतो तोवर शून्य होतं. बोलणंच कमी. एकीने ग्रीनवर वाकून रेषा पाहिली, दुसरीने मान हलवली, झालं. "घरात आयुष्यभर भांडून झालंय त्यांचं," आण्णा. मोरिया थोरली, एरिया सव्वा वर्षाने धाकटी. मला माझी धाकटी बहीण आठवली. आम्हा दोघींना एका पोळपाटावर पोळ्या करता येत नाहीत.

आण्णांचा मुद्दा मला तिथे पटला आणि थोडा नाहीही पटला. ही जोडी कुणी निवडली? बेरजेने. दोघी बहिणी थायलंडच्या वरच्या चारांत होत्या म्हणून आल्या, बहिणी म्हणून नव्हे. बेरजेला नातं कळत नाही, पण त्या दिवशी बेरजेच्या पदरात आपोआप एक तयार जोडी पडली. बाकीच्या दोघी होत्या वीस वर्षांची अत्थया थितिकुल, जी आदल्या वर्षी जगात पहिल्या क्रमांकावर पोचली होती, आणि पॅटी तावतनाकित. या दोघींना त्यांनी एकेरीला ठेवलं. आण्णा म्हणाले की रजिस्टर त्यांच्या हातात असतं तरी त्यांनी हेच लिहिलं असतं.

गंमत पुढे आहे. मानांकन पाहिलं तर अमेरिका पहिली, कोरिया दुसरा. कोरिया गटातच बाद झाला. नेली कोर्डा, लेक्सी थॉम्पसन, लिलिया वू आणि डॅनियल कँग असलेली अमेरिका सकाळी थायलंडकडून २-१ ने हरली. फायनल झाली सहाव्या आणि सातव्या मानांकनात. थायलंडने ती ३-० ने जिंकली. चार दिवसांत बारा सामन्यांपैकी फक्त एक गमावला.

आणि इथे माझी घोडचूक. शेवट नीट दिसावा म्हणून मी आण्णांना फोरसम सोडायला लावून अठराव्या होलच्या गॅलरीत नेलं, चांगली जागा धरली, पाय पसरून बसलो. कुणी आलंच नाही! मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकत जायच्या खेळात, उरलेल्या होलपेक्षा आघाडी जास्त झाली की खेळ तिथेच संपतो, आणि फायनलचा एकही सामना अठराव्यापर्यंत पोचला नाही. दूर कुठेतरी ओरडा झाला आणि शेजारची थाई मावशी उठून पळत सुटली तेव्हा मला कळलं. आण्णांना अर्थात आधीच माहीत होतं. "तू म्हणालीस बस, म्हणून बसलो." ते दुपारभर याच सुरात होते. तेव्हा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: तेराव्या-चौदाव्याच्या आसपास राहा, अठराव्याकडे बक्षीस समारंभालाच जा. समारंभ बाकी छान होता. चौघींच्या डोक्यावर खरोखरचे मुकुट चढवतात, जरा गॅदरिंगसारखं दिसतं, पण एवढ्या जवळून बघताना हसू आणि पाणी दोन्ही आलं. हॅना ग्रीन बाजूला उभी होती. आण्णांच्या 'रडवेली'बद्दल मी साक्ष देणार नाही. मला तर ती वाऱ्याने डोळे चोळत असल्यासारखी वाटली.

२०२५ ला आयोजकांनी निवडीत एक बदल केला, आणि तो माझ्या कापलेल्या अर्ध्या ताऱ्याशी थेट संबंधित आहे. या वेळी सात देश आणि आठवा 'वर्ल्ड टीम'. ज्यांचे देश बेरजेत बसले नाहीत अशा चौघी: न्यूझीलंडची लिडिया को, कॅनडाची ब्रूक हेंडरसन, इंग्लंडची चार्ली हल आणि तैवानची वेई-लिंग शू. एकट्या पडलेल्या चांगल्या खेळाडूसाठी खिडकी उघडली, हे बरं झालं. मला आवडलं. आण्णांना अजिबात नाही. "चार देशांच्या चार पोरी, गाणं कुठलं वाजवणार?" असं म्हणाले. मी म्हटलं, उद्या अदिती त्या टीममध्ये असली तर? फोनवर जरा शांतता. "मग बघू. पण फोरसमला तिच्या जोडीला कोण?"

तारे: जवळून दिसणाऱ्या खेळासाठी आणि रविवारच्या दोन फेऱ्यांसाठी मी पाचापैकी साडेतीन देते. अर्धा अदितीसाठी गेला, अर्धा बर्गरसाठी आणि अर्धा माझ्या अठराव्या होलसाठी, जरी तो आयोजकांच्या नावावर टाकणं अन्याय आहे. लहान मुलांना न्यायला हरकत नाही, चालण्याची सवय मात्र हवी. आम्ही त्या दिवशी बारा किलोमीटर चाललो आणि आण्णा माझ्या पुढे होते. बूट जुने घाला. पुढची स्पर्धा पुन्हा कॅलिफोर्नियात आली तर मी व्हिसाचे फॉर्म भरायला घेणार आहे, आण्णांनी कानटोपी जपून ठेवली आहे.