ट्विस्ट लॉकचा ट्रायपॉड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॅमेऱ्याच्या या ट्रायपॉडला चार भागांचे कार्बन फायबरचे पाय आहेत. प्रत्येकाला तीन, म्हणजे एकूण नऊ ट्विस्ट लॉक, म्हणजे पिळून आवळायचे लॉक. पकड उत्तम आहे, पण ती टिकते आतल्या स्वच्छतेवर.

कॉलर, म्हणजे लॉकचं बाहेरचं कडं, फिरवली की आतली निमुळती प्लास्टिकची कडी पाचरीसारखी नळीवर आवळली जाते. त्यामुळे अर्ध्या फेऱ्यात काम होतं. जास्त जोर लावला तर कडी अडकून बसते आणि उघडताना हात सोलतात. पाय मिटलेला असताना तिन्ही कॉलर एका मुठीत येतात, एका पिळात सुटतात. ही सोय फार आवडली. उणीव अशी, की चाप दाबून बंद होणाऱ्या फ्लिप लॉकमध्ये चाप उघडा राहिला तर दिसतो, सैल कॉलर दिसत नाही. कॅमेरा चढवण्याआधी प्रत्येक पायावर हाताने भार द्यायलाच हवा.

नळी जागीच फिरू नये म्हणून या पायांना आत खाच आहे. जुन्या रचनेत ती नसते. तिथे उघडताना जाड नळीपासून आवळत खाली यायचं आणि मिटताना बारीक नळीपासून सोडवत वर जायचं.

वाळू हा खरा शत्रू. कॉलर करकरली की आट्यांत कण गेलेत. तशीच फिरवत राहिलात तर आटे झिजतात. वाळूत किंवा पाण्यात उभा करताना सर्वांत खालची नळी आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे लॉक वर राहतात. एरवी जाड नळी आधी, कारण बारीक नळी वाऱ्यात थरथरते.

सफाईला एका वेळी एकच पाय उघडा. कॉलर पूर्ण सोडवून नळी ओढली की तिच्या वरच्या टोकावरच्या दोन अर्धगोल पट्ट्या सुटतात; त्यांच्या खुंट्या नळीच्या छिद्रांत बसतात. फट असलेल्या कडीचं निमुळतं तोंड कुठे होतं याचा फोटो काढून ठेवा, उलटी बसली तर लॉक धरतच नाही. साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश, मग पूर्ण वाळवणं. ग्रीस फक्त आट्यांवर, पुसट थर. कडीला लागलं की पाय भाराखाली घसरतो. पहिल्या सफाईनंतर मधला भाग घसरत होता तो यामुळेच. कडी साबणाने धुतल्यावर थांबला. फवाऱ्याचं तेल नकोच, त्याला धूळ चिकटते. खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

कड्या आणि पट्ट्या झिजणारच. त्यांचे सुटे संच मिळतात का, हे ट्रायपॉड घेण्याआधीच विचारा.