नर्सिंगच्या विद्यार्थ्यासाठी मधल्या किमतीचा स्टेथो: दुसरं वर्ष संपताना

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी अडल्ट हेल्थ नर्सिंग सुरू होतं. सेमिस्टर पद्धत आल्यापासून ते तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरमध्ये विभागलंय, पण बोलताना सगळे अजून मेड-सर्जच (मेडिकल-सर्जिकल) म्हणतात. पहिल्या वर्षी बीपी घेण्यापुरता कुणाचाही स्टेथो चालून जातो. मेड-सर्जच्या पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूटीला, स्वतःचा हवाच. मी ठाण्यात स्टेशनाजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून दोन बाजूंचा, स्टीलच्या चेस्टपीसचा (छातीवर टेकवायचा भाग), काळ्या ट्यूबचा घेतला. भारतीय बनावटीचा आहे, वर्गात दोघा-तिघांकडे असलेल्या विदेशी स्टेथोच्या साधारण पाव किमतीत मिळाला. दोन्ही सेमिस्टरच्या पोस्टिंगला रोज वापरला, त्यावरून हे लिहितोय.

पूर्ण वाचायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी आधीच सांगतो: पैसे वसूल. तक्रारी आहेत, पण बहुतेक आवाजाबद्दल नाहीत.

इअरटिप्स कानात नीट बसणं ही अर्धी लढाई. सोबत आलेल्या टिप्स कडक होत्या, सकाळच्या ड्यूटीत दहा वाजेपर्यंत कान दुखायला लागायचे. दुकानात मऊ सिलिकॉनच्या टिप्स वेगळ्या मिळतात, त्या लावल्यावर बाहेरचा गोंगाटही कमी झाला. घालताना टोकं पुढे, नाकाच्या दिशेला हवीत, कारण कानाची नळी तशीच वळलेली असते. ट्यूटर मॅडम हे पहिल्याच दिवशी सांगतात, तरी वॉर्डात कुणीतरी उलटा घालून "यातून काहीच ऐकू येत नाही" म्हणत असतंच. दुसरं म्हणजे चेस्टपीस. त्याची चपटी, पडद्याची बाजू म्हणजे डायफ्रॅम आणि वाटीसारखी बाजू म्हणजे बेल. एका वेळी एकच बाजू उघडी असते. फिरवल्यावर टक् होतं, मग डायफ्रॅमवर बोटानं हलकी टिचकी मारून बघायची. माझ्या स्टेथोची ही टक् अजून घट्ट आहे. याहून स्वस्तात घेतलेल्या एका मैत्रिणीच्या स्टेथोची दिवाळीपर्यंतच सैल झाली होती.

बीपीसाठी याच्याबद्दल काही तक्रार नाही. कोरोटकॉफ या रशियन सर्जनने १९०५ मध्ये वर्णन केलेले आवाज यातून स्वच्छ येतात. पहिली टकटक ऐकू आली तो सिस्टॉलिक (वरचा आकडा), आवाज पूर्ण गेला तो डायस्टॉलिक (खालचा). हे आवाज खालच्या पट्टीतले, म्हणून पुस्तकात बेल वापरा म्हणतात. वॉर्डात सगळे डायफ्रॅमच लावतात आणि माझ्या कानाला तरी फरक कळला नाही. फरक पडतो तो पद्धतीचा. आधी मनगटाची नाडी धरून कफ, म्हणजे दंडावरचा बीपीचा पट्टा, फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की त्याच्या वर आणखी २०-३० न्यायचं आणि मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच्या वेगानं हवा सोडायची. प्रेशरच्या जुन्या पेशंटमध्ये कधीकधी आवाज मधेच गायब होतात आणि खाली आल्यावर पुन्हा सुरू होतात. नाडी न धरता कफ कमी फुगवला तर १९० चं बीपी १५० म्हणून चार्टवर चढतं, आणि त्यात स्टेथोचा काही दोष नसतो. कफ दंडाला लहान पडला तरी आकडा खोटाच, मग तो फुगून येतो. डिजिटल मशीन असताना हे सगळं कशाला, असं विचारणाऱ्यांनी एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या) पेशंटवर ते मशीन लागोपाठ लावून आकडे किती बदलतात ते बघावं.

पण पैसे खरे वसूल झाले ते छातीच्या आवाजांवर. आमच्या मेल मेडिकल वॉर्डात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेले आणि जोडीला बिडी ओढलेले काका सीओपीडी (दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) घेऊन येतात, टीबीमुळे छातीत पाणी झालेली तरुण मुलं येतात, हार्ट फेल्युअरचे आजोबा तर कायमचेच. पुस्तकात क्रॅकल्स (चुरचुर), व्हीझ (शिट्टीसारखा आवाज), ऱ्हॉन्काय (घोरल्यासारखा) अशी श्वासाच्या आवाजांची यादी पाठ होते, व्हायवाला म्हणूनही दाखवता येते. ऐकायला मात्र वेगळंच शिकावं लागतं. पेशंटला बसतं करायचं, शर्ट वर घ्यायचा, कारण कपड्यावरून ऐकलं तर कापडाची खरखरच क्रॅकल्स वाटते. "काका, तोंड उघडं ठेवून सावकाश मोठा श्वास घ्या" म्हणायचं आणि पाठीवर डावीकडे-उजवीकडे त्याच पातळीवर ताडून बघत जायचं. उठता न येणाऱ्याला कुशीवर वळवायचं. छातीच्या केसांवर डायफ्रॅम घासला तरी फसवणूक होते, तिथे जरा दाबून धरावा लागतो.

बारीक क्रॅकल्स म्हणजे कानाजवळ दोन बोटांत केस चोळल्यासारखा आवाज. माझ्या केस स्टडीचे आजोबा हार्ट फेल्युअरचे होते. पहिल्या दिवशी क्रॅकल्स दोन्ही बाजूंना खांद्याच्या फऱ्याच्या मध्यापर्यंत होत्या. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) सुरू झालं, लघवीचं माप आणि रोजचं वजन लिहिणं सुरू झालं आणि तीच रेषा दिवसागणिक खाली सरकत फुप्फुसाच्या तळापर्यंत गेली. वजनाचा आकडा, इनटेक-आउटपुटचा कागद आणि कानाला येणारा आवाज हे तिन्ही एकच गोष्ट सांगत होते. केअर प्लॅनमध्ये "फ्लुइड व्हॉल्यूम एक्सेस" (शरीरात पाणी जास्त) हे तोवर मी वर्षभर कॉपी-पेस्टसारखं लिहीत आलो होतो. म्हणून सल्ला असा की दहा पेशंटच्या छाती एकेकदा ऐकण्यापेक्षा एकाच पेशंटची रोज, शक्यतो त्याच वेळी ऐका. खोकून घ्यायला सांगून पुन्हा ऐका. खोकल्यानं आवाज गेला तर कफ होता, राहिला तर सलाइनच्या वेगाकडे आणि पायाच्या सुजेकडे नजर टाका, डोक्याची बाजू उंच करा आणि सिस्टरना सांगा.

दम्याच्या पेशंटला नेब्युलायझेशनच्या आधी आणि नंतर ऐकायची सवय लावून घ्या. व्हीझ कमी झाली की बरं वाटतं, पण पेशंट धापा टाकतोय, बोलताना वाक्य पूर्ण होत नाही आणि छाती मात्र शांत, तर ते बरं होणं नव्हे. हवाच आतबाहेर होत नाहीये. तेव्हा स्टेथो गळ्यात टाकून मदत बोलवायला पळायचं. छातीतलं पाणी काढल्यावरही दोन्ही बाजू ऐकायच्या. त्या बाजूला आवाज आधीपेक्षा कमी झाला आणि दम वाढला तर न्यूमोथोरॅक्सची (फुप्फुसाबाहेर छातीत हवा शिरल्याची) शंका घ्यावी लागते.

हे सगळं ऐकायला वॉर्ड शांत हवा, आणि तो कधीच नसतो. पंख्याची घरघर, ट्रॉलीची चाकं, नातेवाइकांचे स्पीकरवरचे फोन. महागडा स्टेथो घेतला म्हणून हे थांबत नाही, मी मित्राचा लावून बघितलाय. सकाळचा हँडओव्हर झाल्यानंतर राऊंड सुरू होईपर्यंतचा वेळ सगळ्यात चांगला.

पोटाबद्दल थोडक्यात. इथे क्रम बदलतो: बघा, ऐका, मगच हात लावा, कारण दाबल्यानं आतड्यांचे आवाज बदलतात. उजवीकडे खालून सुरुवात करायची. मिनिटाला ५ ते ३० आवाज सामान्य, आणि "आवाज नाहीत" असं लिहायच्या आधी पाच मिनिटं ऐकावं असं पुस्तक म्हणतं. चाळीस बेडच्या सर्जिकल वॉर्डात पाच मिनिटं कोण देणार, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. ऑपरेशननंतरच्या पेशंटला मी गॅस पास झाला का, मळमळ आहे का, पोट फुगलंय का हेही विचारतो, आणि त्यातून जास्त कळतं.

राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) हवा मारून पोटावर स्टेथो लावायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यासाठी कुठलाच स्टेथो चांगला नाही. ट्यूब श्वासनलिकेत गेली तरी गुरगुर पोटावर ऐकू येऊ शकते. ओढून काढलेल्या द्रवाचा पीएच साडेपाच किंवा त्याखाली असावा, शंका असेल तर एक्स-रे. ओएससीईच्या (प्रात्यक्षिक परीक्षेच्या) तयारीत हे पक्कं करून ठेवा.

हृदयाच्या बाबतीत हा स्टेथो थोडा कमी पडतो. बेल उथळ आहे. मायट्रल स्टेनोसिसची (हृदयाची झडप अरुंद झाल्याची) खालच्या पट्टीतली घरघर मित्राच्या महागड्या स्टेथोतून कळली, माझ्यातून अंदाजानं. बेल हलकीच टेकवायची असते, दाबली की खालची त्वचा ताणून तीच डायफ्रॅमचं काम करते आणि खालचे आवाज गळतात. हे सगळं सांभाळूनही फरक राहिलाच. पण नर्सिंगच्या रोजच्या कामाला एपिकल पल्स, म्हणजे हृदयाच्या टोकाशी ऐकून मोजलेले ठोके, लागते: डाव्या बाजूला बरगड्यांमधली पाचवी फट, मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर (गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली), पूर्ण एक मिनिट. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध द्यायच्या आधी ती साठच्या खाली असेल तर डोस थांबवून कळवायचं. त्याला हा पुरेसा आहे. डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुलावर (हातात धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर) बोटांना थरथर लागते, तिथेच बेल टेकवली की वाऱ्याचा सूंऽऽ असा आवाजही छान येतो. त्या हाताला बीपी घ्यायचं नाही, सुई लावायची नाही.

मुलगा म्हणून आलेला अनुभवही लिहितो. गळ्यात स्टेथो दिसला की पेशंट मला "डॉक्टर" म्हणतात आणि तोच स्टेथो घातलेल्या वर्गमैत्रिणीला "सिस्टर". मी नर्सिंगचा विद्यार्थी आहे असं सांगून टाकतो, नाहीतर नातेवाईक रिपोर्ट घेऊन मागे लागतात. फीमेल वॉर्डात पडदा ओढून, विचारून आणि सिस्टर किंवा वर्गमैत्रीण सोबत असल्याशिवाय मी छाती ऐकत नाही. लेनेकनं १८१६ मध्ये पॅरिसला कागदाची सुरळी करून हा प्रकार सुरू केला तो याच संकोचातून, तरुण बाईच्या छातीला कान लावायचा कसा म्हणून. ऐरोलीच्या एका आजींना असला कसलाच संकोच नव्हता. "काय र पोरा, काय आयकू येतं?" म्हणून त्यांनी स्टेथो स्वतःच्या कानाला लावून घेतला आणि शेजारच्या बेडवरच्या बाईलाही ऐकवला.

आता तक्रारी. पावसाळ्यात ट्यूब चिकट होते आणि मानेला घासते. घाम आणि त्वचेचं तेल लागून ती पुढे कडक पडते, म्हणून मी कॉलरच्या वरून घालतो आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तर बॅगेतच ठेवतो. डायफ्रॅमची कड दोनदा सैल झाली, हातानं आवळली की आवाज पूर्ववत होतो. गार लागू नये म्हणून असलेली नॉन-चिल रिंग नावाला आहे, तळहातात धरून गरम करावंच लागतं. सफाईला ७० टक्के अल्कोहोलचा स्वॅब, दर पेशंटनंतर, इअरटिप्ससकट. पाण्यात बुडवायचा नाही. आयसोलेशनच्या पेशंटजवळ तिथलाच स्टेथो वापरायचा, स्वतःचा आत न्यायचा नाही.

पुढे आयसीयू किंवा कार्डियाककडे जायचं नक्की असेल तर पैसे साठवून वरचा घ्या. बाकी सगळ्यांना हा चालेल. घेताना दुकानातच स्वतःच्या छातीवर ऐकून बघा, टिप्सचा जादा जोड आणि एक डायफ्रॅम सोबत मागून घ्या. ट्यूबला नावाचा टॅग लावा. माझा एकदा सर्जिकल वॉर्डातून नाहीसा झाला होता आणि दुसऱ्या मजल्यावर एका इंटर्नच्या गळ्यात सापडला. टॅग होता म्हणून वाद न घालता परत मिळाला.