डीव्हीडीस्टायलर आठ-नऊ महिने वापरल्यावर: दंडारीची कॅसेट आता मोठीआई स्वतः लावते

जुन्या कॅसेटना डीव्हीडीसारखा मेनू करायचं हे काम दिवाळीच्या सुट्टीत हाती घेतलं होतं, आता धानाची रोवणी सुरू झाली, म्हणजे आठ-नऊ महिने होऊन गेले. डीव्हीडीस्टायलर म्हणजे असा चित्र-बटनांचा मेनू बनवायचं सॉफ्टवेअर, एवढ्या दिवसांत त्यावर तीन मोठे प्रोजेक्ट केले, त्यातला एक तीनदा पहिल्यापासून केला, म्हणून आता खात्रीनं लिहू शकतो.

आधी हे कशासाठी केलं ते सांगतो. आमच्या घरी सहा व्हीएचएस कॅसेट आहेत, सगळ्या तीन तासवाल्या. काकाचं साक्षगंध अन् लग्न, दोन वर्षांचा पोळा, अन् एक गावच्या मंडईची. भंडारा-गोंदियाकडच्या लोकांना मंडई सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो की दिवाळी झाली की इकडं गावोगावी मंडई भरते, दिवसा दंडार, म्हणजे इकडचं लोकनाट्य, अन् रात्री नाटक. त्या कॅसेटमध्ये दंडारीत ढोलकी वाजवणारा माणूस म्हणजे आमच्या मोठीआईचा भाऊ. तो आता नाही. त्याचा एकही धड फोटो घरात नाही, आहे ते एवढंच, तीन तासांतली चार मिनिटं.

पहिली कॅसेट शहरातल्या एका दुकानात देऊन कॉम्प्युटरवर घेतली. त्यानं एकच लांबलचक फाईल दिली, शेवटचा वीस मिनिटांचा निळा पडदासुद्धा तसाच ठेवलेला अन् कोपऱ्यात पूर्णवेळ दुकानाचं नाव. ते पाहून इतका राग आला की बाकीच्या कॅसेट मी स्वतःच कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरवलं. वडशाच्या एका जुन्या शूटिंगवाल्याकडून कॅसेट चालवायचा व्हीसीआर आणला, त्यातलं चित्र कॉम्प्युटरवर घ्यायला यूएसबीचं कॅप्चर कार्ड घेतलं, पिवळी-पांढरी-लाल वायर लावली की काम सुरू. एक गोष्ट लक्षात ठेवा, तीन तासांची कॅसेट घ्यायला तीनच तास लागतात, त्यात घाई नाही चालत.

पण फाईल तयार झाली तरी खरी अडचण तशीच होती. मोठीआईला भाऊ पाहायचा असला की ती मला नाहीतर माझ्या बहिणीला हाक मारायची, आम्ही फाईल उघडून माऊसनं मागं-पुढं करत बसायचो, कधी नाटकात जायचो कधी पाळण्यापाशी, अन् तेवढ्यात लाईन जायची. नंतर नंतर तिनं म्हणणंच सोडून दिलं. तेव्हा वाटलं की हिला कोणाला हाक न मारता पाहता आलं पाहिजे. एमपी4 फाईल कापून तुकडे करून पाहिले, पण फोल्डरमधली नावं तिला वाचता येत नाहीत, ती शाळेत गेलेली नाही. मग जुन्या लग्नाच्या डीव्हीडी आठवल्या, त्यात कसं पहिले चित्र येतं अन् बटन दाबलं की तोच भाग लागतो, तसं पाहिजे होतं, फक्त डिस्क नको, कॉम्प्युटरवरच चाललं पाहिजे. विंडोज व्हिस्टा अन् 7 मध्ये डीव्हीडी मेकर सोबतच यायचा, विंडोज 8 पासून तो बंद झाला, म्हणून शोधता शोधता डीव्हीडीस्टायलरवर आलो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोजवर अन् लिनक्सवर दोन्हीकडं चालतं.

उघडल्यावर पहिलेच तो डिस्कचा आकार, पाल की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती), पडद्याचं प्रमाण 4:3 की 16:9 असं विचारतो. इथंच मी दोन चुका केल्या अन् दोन रात्री गेल्या. आपल्याकडच्या कॅसेट पाल, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम, अन् मी एनटीएससी ठेवलं, तिथं 29.97 लागतात, त्यामुळं ढोलकीवरचा हात झटके देत चाललेला दिसायचा. दुसरं म्हणजे 16:9 निवडलं, सगळी माणसं आडवी पसरली. जुन्या कॅसेटसाठी पाल अन् 4:3, डोळे झाकून. आकाराचं म्हणाल तर 4.7 जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवले तर सेकंदाला साधारण 5 मेगाबिट (एमबीपीएस) मिळतात, व्हीएचएसला तेवढं पुरतं. पण आपल्याला डिस्क जाळायचीच, म्हणजे बर्न करायचीच नाही, तर मी 8.5 जीबीवालं निवडतो अन् चणचण ठेवत नाही.

मेनू बनवणं सोपं आहे, मागं एक फोटो टाकायचा, त्यावर बटन आणून ठेवायचं, बटनावर डबल क्लिक करून कुठल्या टायटलवर (वेगळा व्हिडिओ) किंवा कुठल्या चॅप्टरवर (त्याच व्हिडिओतला भाग) जायचं ते सांगायचं. पूर्ण कॅसेट एकच टायटल ठेवून आत चॅप्टर पाडले की फाईल कापायची गरज नाही. मी मात्र मोठीआईसाठी चॅप्टर नाही केले, वेगवेगळे तुकडे टायटल म्हणून टाकले, काहून की चॅप्टर संपला की पुढचा आपोआप सुरू होतो अन् ती गोंधळते. टायटल संपलं की परत मेनूवर यायचं अशी आज्ञा प्रॉपर्टीमध्ये देता येते, ती प्रत्येकाला दिली आहे. ही एक गोष्ट नीट केली नसती तर बाकी सगळं वाया होतं.

आता मराठी अक्षरांबद्दल, यावर मी सर्वात जास्त वेळ घालवला. डीव्हीडीचं चित्र पालमध्ये 720 बाय 576 एवढंच असतं, मग लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर ते ताणलं जातं. बारीक फॉन्ट घेतला की शिरोरेषा धूसर होते, रफार अन् अनुस्वार तर ओळखूच येत नाहीत, 'मंडई' लिहिलं तर 'मडई' वाचायला यायचं. शिवाय निवडलेल्या बटनावर जो रंग चढतो तो डीव्हीडीमध्ये वेगळ्या थरात असतो अन् त्या थराला चारच रंग मिळतात, पारदर्शक धरून, म्हणून अक्षरांवरच रंग चढवला की कडा करवतीसारख्या दिसतात. यावर माझा उपाय असा, नावं सगळी जिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये जाड फॉन्टात मागच्या फोटोवरच लिहून घ्यायची, मोठी लिहायची, अन् डीव्हीडीस्टायलरमध्ये फक्त नावाभोवती चौकट येईल असं बटन ठेवायचं. चौकटीच्या सरळ रेघा करवतीसारख्या होत नाहीत. पिवळी चौकट ठेवली आहे, अंधाऱ्या फोटोवर लांबून दिसते.

मोठीआईच्या मेनूत तर अक्षरंच नाहीत. सहा चौकटी, वर तीन खाली तीन, प्रत्येकीत त्या भागातलं एक चित्र. ढोलकीवाला, काकाची वरात, आईचं हळदीतलं तोंड, पोळ्याचे बैल तोरणाखाली उभे, अन् मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीवर आम्ही सगळी पोरं. सहावी चौकट रिकामी सोडली होती. बाण दाबला की कुठल्या चौकटीवर जायचं हे प्रत्येक बटनाला सांगता येतं, मी गोल फिरेल असं केलं, म्हणजे शेवटच्यावरून उजवीकडं गेलं की परत पहिलं, ती अडकत नाही. माऊस काढून ठेवला अन् लॅपटॉपच्या एंटरवर लाल टिकली चिकटवली. पहिल्या दिवशी तिला दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतः बाण दाबला, पिवळी चौकट ढोलकीवर आली, टिकली दाबली, अन् ढोलकी सुरू झाली तशी ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "बाबू, आवाज वाढव थोडा." पूर्ण चार मिनिटं कोणी बोललं नाही. आई चूल सोडून दारात येऊन उभी राहिली.

मेनूच्या मागं आवाज लावता येतो, मी सुरुवातीला सनई लावली होती. मेनू उघडा राहिला की तेच तेच परत वाजत राहतं, घरचे वैतागले, काढून टाकली. तुम्हीही नका लावू.

चालवण्याबद्दल लिहितो, कारण सर्वात जास्त विचारणा याचीच होते. तयार झालं की शेवटच्या खिडकीत नुसतं फोल्डर बनवायचं, आयएसओ बनवायची की डिस्क जाळायची असं विचारतो. मी आयएसओ बनवतो, म्हणजे पूर्ण डिस्क एकाच फाईलमध्ये. नुसत्या फोल्डरमध्ये व्हिडिओ_टीएस असतं, त्यात व्हीओबी, आयएफओ अन् बीयूपी अशा बऱ्याच फाईली, अन् व्हीओबी 1 जीबीच्या वर जात नाही म्हणून एकाच व्हिडिओचे चार-पाच तुकडे दिसतात. पुण्याच्या भावाला मी फोल्डर पेन ड्राइव्हवर दिलं, त्यानं त्यातली एकच व्हीओबी उघडली अन् फोन केला की अर्ध्यातून सुरू होते अन् मेनूच नाही. मेनू कसा चालायचा हे सगळं आयएफओ फाईलमध्ये लिहिलेलं असतं, एकटी व्हीओबी उघडली तर मेनू येणारच नाही. आयएसओ एकच फाईल, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरनं उघडली की सरळ मेनू. विंडोज 8 पासून विंडोज मीडिया प्लेअरमध्ये डीव्हीडी चालत नाही, म्हणून व्हीएलसी टाकावाच लागतो, तोही फुकट. व्हीएलसीत डिस्क उघडायच्या खिडकीत 'नो डिस्क मेनूज' अशी एक टिक आहे, ती लागलेली असली तर मेनू येत नाही, ते पहिले पाहा. डेस्कटॉपवर शॉर्टकट करून त्यात आयएसओचा पत्ता अन् फुल स्क्रीनची सूचना लिहून ठेवली आहे, आता मोठीआईसाठी एकाच चित्रावर डबल क्लिक एवढंच आमचं काम उरलं.

अजून एक, हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, कॅसेटचं चित्र एक सोडून एक ओळीनं भरलेलं असतं त्यामुळं तसं दिसतं. व्हीएलसीत कीबोर्डवरचं डी दाबलं की जातं. मी आधी कॅसेटच खराब झाली समजून पूर्ण परत घेतली होती, तीन तास.

वेळेचं म्हणाल तर माझा लॅपटॉप जुना आहे, 4 जीबी रॅमचा. दोन तासांचा व्हिडिओ एमपीईजी-2 मध्ये, म्हणजे डीव्हीडीला लागणाऱ्या प्रकारात बदलायला रात्र जाते, अन् आमच्याकडं उन्हाळ्यात रात्री लाईनचा भरवसा नसतो. दोनदा अर्ध्यावर बंद पडलं. आता मी काय करतो, व्हिडिओ आधीच एकदा पाल एमपीईजी-2 मध्ये बदलून ठेवतो अन् डीव्हीडीस्टायलरमध्ये त्या टायटलला 'कॉपी' निवडतो, म्हणजे तो परत बदलत बसत नाही. मेनूत एखादं नाव चुकलं, बटन सरकवायचं राहिलं, तरी दहा-पंधरा मिनिटांत नवीन आयएसओ हातात. हे मला पहिल्या महिन्यात कळलं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या.

प्रोजेक्टची फाईल वेगळी सेव्ह होते, पण तिच्यात व्हिडिओ नसतो, तो कुठं ठेवला आहे एवढाच पत्ता असतो. जागा करायला म्हणून मी फोल्डरची नावं बदलली अन् पूर्ण प्रोजेक्ट परत जोडावा लागला. एका कामाचं सगळं, फोटो, व्हिडिओ, प्रोजेक्ट, एकाच फोल्डरमध्ये ठेवा अन् त्याला हात लावू नका.

नवीन मोबाईलच्या व्हिडिओसाठी हे घ्यावं का? माझ्या मते नाही. बहिणीच्या लग्नाचं मोबाईलवरचं शूटिंग 1920 बाय 1080 चं होतं, ते 720 बाय 576 वर आणलं तर बरोबर पाचवा हिस्सा चित्र उरतं, शालूवरची जर दिसेनाशी झाली. त्यासाठी मी साधं एचटीएमएलचं पान बनवलं, चित्रं लावली, चित्रावर क्लिक केलं की ब्राउझरमध्ये एमपी4 लागतो, चित्र जसंच्या तसं राहतं. पण ते पान बाण अन् एंटरवर मेनूसारखं सहज चालत नाही, मोठीआईला ते जमलं नाही. व्हीएचएसमध्ये मुळातच तेवढा बारकावा नसतो, म्हणून डीव्हीडीच्या आकारात काही गमावत नाही. जुन्या कॅसेटसाठी डीव्हीडीस्टायलर, मोबाईलसाठी नाही, असं मी सरळ सांगतो.

आमच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून मेनू आला नाही, तुमच्याकडं येईल असं गृहीत धरू नका. अन् मेनू झाला म्हणून कॅप्चरची मूळ फाईल मिटवू नका, माझ्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक घरी एक बहिणीकडं साकोलीला.

परवा धानाच्या बांधीतून आलो तर मोठीआई लॅपटॉपसमोर बसलेली, मेनू उघडा, पिवळी चौकट रिकाम्या जागेवर. म्हणाली, "इथं काहीच नाही होय गा? इथं तान्हा पोळा लाव, तू लाकडाचा बैल धरून रडत होता तो." तान्हा पोळा म्हणजे लहान पोरांचा, लाकडी बैलांचा पोळा. ती दुसऱ्या वर्षाची पोळ्याची कॅसेट अजून घ्यायची राहिली होती. व्हीसीआर परत आणला आहे, आत्ता हे लिहितो आहे तेव्हा शेजारी कॅप्चर चालू आहे, एक तास दहा मिनिटं झालीत, तान्हा पोळा अजून आला नाही.