‘फुल स्पीड, तरीही आवाज नाही’ म्हणून विकलं जाणारं फॅनचं किट: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

संगणकासाठी सर्व्हरमधले जोरदार फॅन, त्यांच्यासोबत वेग आणि आवाज आवरणारा डिस्प्लेवाला कंट्रोलर, असं एकत्र किट फोनवरून, ओळखी-ओळखीतून विकणारा एक माणूस आहे. मी त्याच्याकडून ते घेतलं आणि त्यातली प्रत्येक वस्तू खोटी निघाली. नुसती हलक्या दर्जाची असती तर मी इतकं लिहिलं नसतं. ही फसवणूक अशा माणसासाठी बेतलेली आहे, ज्याला फॅनमधलं थोडंफार कळतं आणि जो नीट प्रश्न विचारतो. म्हणूनच ती कशी चालते ते तपशिलात सांगतो.

आधी माझी गरज काय होती ते सांगतो. मी नागपुरात घरूनच आर्किटेक्ट लोकांसाठी थ्रीडी रेंडरिंग करतो. कामासाठी मी एनव्हिडियाचं टेस्ला पी४० हे जुनं कार्ड वापरतो. डेटा सेंटरमधून निघालेली ही कार्डं बाजारात स्वस्तात मिळतात. २४ जीबी मेमरी आहे, वीज २५० वॅटपर्यंत खातं, पण त्याला स्वतःचा फॅनच नाही. सर्व्हरच्या पेटीत समोरून वारा जोरात ढकलला जातो, त्या भरवशावर ते बनवलंय. घरच्या कॅबिनेटमध्ये बसवायचं तर त्याच्या तोंडाशी डक्ट, म्हणजे वारा आत नेणारी नळी, लावून जोरदार, दाब देणारा फॅन हवाच. त्यात नागपूरचा मे महिना. खोलीतली हवाच तापलेली असली की फॅन तीच हवा कार्डावर मारतो. रेंडर रात्रभर चालतं आणि पलीकडच्या खोलीत बाबा झोपतात. म्हणजे वारा भरपूर हवा आणि काम नसेल तेव्हा आवाज खाली आला पाहिजे, अशा दोन्ही गोष्टी मला हव्या होत्या.

त्याचा नंबर मला ओळखीतल्या एकाने दिला. मी विचारण्याआधीच त्याने व्हिडिओ पाठवला. टेबलावर १२० मिलिमीटरचा, ३८ मिलिमीटर जाडीचा फॅन, शेजारी कंट्रोलर, डिस्प्लेवर ४५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला इतके फेरे. समोर धरलेला कागद फडफडतोय आणि त्याचा स्वतःचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतोय. फॅनचा जवळजवळ नाहीच. मी म्हटलं, व्हिडिओ नको, लाइव्ह दाखवा. त्याने लगेच व्हिडिओ कॉल केला. तेच दृश्य आणि तीच शांतता.

मी विचारलं, फॅन चार वायरचा आहे का? पीडब्ल्यूएम, म्हणजे चौथ्या वायरवरून वेग ठरवायची सोय, खरी आहे का? बेअरिंग कोणतं? लेबलवर अँपिअर किती? सगळ्याची उत्तरं त्याला पाठ होती. “सर, डबल बॉल बेअरिंग आहे, सर्व्हर पुल आहे, म्हणजे सर्व्हरमधून काढलेला, १२ व्होल्ट साडेचार अँपिअर. फोटो टाकतो ना, तुम्ही वाचून घ्या.” फोटोतल्या लेबलवर खरंच तसं होतं. पुढे म्हणाला, “फुल स्पीडला २२ डेसिबल. टेन्शन घेऊ नका, मदरबोर्डलाच लावा, स्प्लिटर फ्री देतो.” स्प्लिटर म्हणजे एका जागी दोन फॅन जोडणारी वायर. दोन फॅन, डक्ट आणि कंट्रोलर मिळून साडेसात हजार रुपये, यूपीआयवर, वैयक्तिक खात्यात. बिल मालासोबत येईल म्हणाला, ते आलंच नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, एमआरपी नव्हती.

फॅन लावला. नॉब पूर्ण फिरवला तेव्हा खोलीभर घरघर झाली, पण डक्टच्या तोंडाशी हात धरला तर वारा सामान्य. रेंडर सुरू केल्यावर कार्डाचं तापमान चढत चढत ९० अंशांपलीकडे गेलं आणि कार्डाने स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी केला. नॉब खाली आणला तर घरघर कमी झाली आणि तिच्या जागी डासासारखी बारीक, कानात घुसणारी गुणगुण सुरू झाली. फॅनच्या पात्यांना लागणाऱ्या वाऱ्याचा आवाज असा नसतो. स्वस्तातले कंट्रोलर फॅनला जाणारा १२ व्होल्टचा पुरवठाच कमी वारंवारतेने चालू-बंद करतात, त्या झटक्यांनी मोटरचं वेटोळं वाजतं. खऱ्या चार-वायर पद्धतीत हे होत नाही. तिथे १२ व्होल्ट अखंड मिळतात आणि वेगाचा हुकूम वेगळ्या वायरवरून जातो, २५ किलोहर्ट्झने, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या पलीकडून. इंटेलने ठरवून दिलेलं मानक तेच आहे.

नेमकं काय चाललंय ते बघायला मी फॅनचा प्लग काढला. फॅन थांबला. डिस्प्लेवर ४५०० तसाच. नॉब फिरवला तर आकडा कमी-जास्त होत होता, फॅन मात्र जोडलेलाच नव्हता. तो डिस्प्ले फॅनकडून काहीच वाचत नव्हता, नॉब कुठे आहे तेवढंच आरपीएमच्या वेषात दाखवत होता. खरा फॅन तिसऱ्या वायरवर प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंदनं पाठवतो, ३००० आरपीएमला सेकंदाला १००. मीटर ती मोजतो. फॅन काढला की आकडा शून्य व्हायलाच हवा.

मग मी ते सगळं आमच्या भागातल्या एका दुरुस्तीवाल्या दादांकडे नेलं. त्यांनी फॅन हातात घेतला आणि लावण्याआधीच म्हणाले, “हा हलका आहे.” त्यांच्याकडे सर्व्हरमधून निघालेला त्याच मापाचा खरा फॅन होता. दोन्ही हातात धरल्यावर फरक मलाही कळला. मग बेंच सप्लायवर, म्हणजे हवे तेवढे व्होल्ट देऊन अँपिअर दाखवणाऱ्या यंत्रावर, १२ व्होल्ट दिले. लेबलवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. सप्लायवर आकडा आला ०.५८. म्हणजे सात वॅट. लेबलची कड ब्लेडने उचलली तर खाली दुसरं लेबल. चौथी निळी वायर मध्यभागी मोटरच्या पाटीपर्यंत जाते की नाही ते बघायला त्यांनी मागचा स्टिकर काढला. वायर आत गेली होती, पण कशालाही जोडलेली नव्हती, गोंदाने चिकटवून ठेवली होती. लेबल चुकीचं लागलं, असं एखादा म्हणू शकेल. पण मेलेली वायर आत गोंदाने बसवायला कुणीतरी हाताने काम केलंय, मुद्दाम केलंय. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

सर्व्हरच्या फॅनएवढा वारा सात वॅटमध्ये निघणारच नाही, हे कागदावरही दिसतं, आणि ही गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. फॅनचा वारा वेगाच्या प्रमाणात वाढतो, दाब वेगाच्या वर्गाने आणि वीज घनाने. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ हा १२० मिलिमीटरचा नावाजलेला फॅन घ्या. २००० आरपीएमला तो तासाला १०२ घनमीटर, म्हणजे सुमारे ६० सीएफएम (मिनिटाला घनफूट) वारा देतो, त्याला १.६८ वॅट लागतात आणि आवाज २२.६ डेसिबल. याच घडणीतून २०० सीएफएम काढायचे तर वेग सव्वातीन पटीहून जास्त आणि वीज सुमारे ३७ पट, साठेक वॅट. जाड फॅनची घडण वेगळी असते, त्याला कमी लागेल, पण सातपेक्षा कितीतरी जास्त वॅट लागणारच. म्हणून जाहिरातीत २०० सीएफएम आणि ०.२ अँपिअर एकत्र दिसले की एक आकडा खोटा आहे. माझ्या विक्रेत्याला हे ठाऊक होतं, म्हणूनच त्याने लेबलवरचा अँपिअरचा आकडाही मोठा छापून घेतला.

आवाजाचंही तसंच. वेग अर्धा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. जोरदार फॅन घेऊन तो बहुतेक वेळ अर्ध्यावर चालवणं हा शहाणा मार्ग आहे आणि ‘आवाजावर नियंत्रण’ याचा खरा अर्थ तेवढाच. पण ४५०० आरपीएमला २२ डेसिबल देणारा या मापाचा फॅन जगात नाही. त्याच नॉक्टुआचा ३००० आरपीएमचा औद्योगिक फॅन कंपनी स्वतःच ४३.५ डेसिबलचा सांगते. आवाज कमी ठेवण्यात ज्यांनी नाव कमावलं त्यांची ही गत, तर ४५०० ला काय होईल?

मग व्हिडिओ कॉलवर शांतता कशी होती? हे उलगडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. फोनवरच्या कॉलमध्ये बोलणं स्पष्ट यावं म्हणून मागचा एकसुरी आवाज गाळला जातो. घरी करून बघा: टेबल फॅन मोठ्यावर लावून त्याच्याशेजारी बसून कुणाला कॉल करा आणि काय ऐकू येतं ते विचारा. आम्ही केलं. पलीकडे बहिणीला माझं बोलणं नीट ऐकू येत होतं, फॅन चालू आहे हे तिला सांगावं लागलं. संगणकाच्या फॅनचा आवाज एकसुरीच असतो, त्यामुळे तो सगळ्यात आधी गाळला जातो. म्हणून तो विक्रेता आनंदाने लाइव्ह कॉल करतो, आणि कॉलभर बोलत राहतो. फॅनचा आवाज फोनवर ऐकून कुणीही काही ठरवू नये. फॅन बेंच सप्लायवर लावून अँपिअरचा आकडा दाखवायला सांगा. नॉब तोच ठेवून प्लग काढायला सांगा, डिस्प्ले शून्यावर येतो का ते बघा. आणि माल हातात आल्यावर चौथी वायर तपासा. फॅनला १२ व्होल्ट देऊन चौथी वायर मोकळी ठेवली तर खरा पीडब्ल्यूएम फॅन पूर्ण वेगाने फिरतो, ती वायर ग्राउंडला टेकवली तर वेग एकदम खाली येतो किंवा तो थांबतो. माझ्या फॅनला काडीचा फरक पडला नाही.

त्याच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट मला जास्त धोक्याची वाटते. “मदरबोर्डलाच लावा, स्प्लिटर देतो.” मदरबोर्डच्या फॅन हेडरची, म्हणजे फॅन लावायच्या पिनांची, मर्यादा साधारणपणे एक अँपिअर असते. त्याचे फॅन खरे असते आणि कुणी त्याचं ऐकून साडेचार अँपिअरचे दोन एका हेडरवर लावले असते, तर बोर्डाचा तो भाग जळू शकला असता. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला लागणाऱ्या, वीज-प्लगमधूनही १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरपर्यंतच घेता येतात. असे दोन फॅन त्यावर चालणार नाहीत, त्यांना मोलेक्स, म्हणजे पॉवर सप्लायचा जाड चार-पिनी प्लगच हवा. खरा माल विकणारा माणूस हे स्वतःहून सांगतो.

पैसे परत मागितले. आधी म्हणाला, तुम्ही लावताना जाळलं. सप्लायवरच्या आकड्याचा व्हिडिओ पाठवला तर म्हणाला, “भाऊ, जुना माल आहे, रिटर्न नसतो.” मग नंबर ब्लॉक. ‘रिटर्न नाही’ हे वाक्य अशा ठिकाणी चालत नाही, हे लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, व्यवसाय म्हणून विकणाऱ्याने सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार नोंदवली. पैसे यूपीआयने गेले होते म्हणून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वरही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येते, तीही केली. त्यानंतर दुसऱ्या नंबरवरून फोन आला: अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या आणि कुणाला सांगू नका. मी नाही म्हटलं. पुरावा म्हणून लेबलचा फोटो, चॅट, यूपीआयची पावती आणि लेबलाखालचं लेबल हे सगळं ठेवलंय. तुमच्यापैकी कुणाकडे असा माल आला असेल तर तो फेकू नका, उघडताना व्हिडिओ करा.

आता दादांनी त्यांच्याकडचा खरा फॅन दिलाय. त्याला १२ व्होल्ट थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्सवरून जातात, मदरबोर्डला फक्त वेग वाचणारी आणि हुकूम देणारी अशा दोनच वायर जोडल्यात. लिनक्सवर एका छोट्या स्क्रिप्टने कार्डाचं तापमान वाचून वेग ठरतो. काम नसताना तीस टक्क्यांवर राहतो, तापमान दोन-चार अंशांनी हललं तरी वेग लगेच बदलत नाही, नाहीतर फॅन सतत वर-खाली होऊन तो आवाज जास्त त्रास देतो. पूर्ण वेगाला हा फॅन कर्कश आहे, अगदी कर्कश. पण कार्ड ऐंशीच्या आत राहतं आणि रात्री दार लावलं की बाबांची झोप मोडत नाही.

परवा अमरावतीच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने मला तोच व्हिडिओ पाठवला. तेच टेबल, तोच फडफडणारा कागद, विक्रेत्याचा नंबर नवा. मुलगा ॲडव्हान्स पाठवायच्या बेतात होता. मी त्याला म्हटलं, फॅन चालू ठेवून प्लग काढा आणि त्या वेळी डिस्प्ले दाखवा, एवढंच त्याला विचार. त्याने विचारलं. तासाभरात मुलाचाही नंबर ब्लॉक झाला.